मी दारू प्यायलेलो नाही

माणिकपूर, वसई
नोव्हेंबर २००४

प्रिय जितू,

हे पत्र माझ्याच हातचं आहे. अक्षर बघून तुला शंका येईल, म्हणून आधीच सांगतो. सकाळचा चहा झाला की थोडा वेळ मला नीट लिहिता येतं. मग डोक्यात कुणी ओला कापूस भरावा तसं होतं, शब्द सापडेनासे होतात आणि मी पेन खाली ठेवतो. त्यामुळे हे पत्र कितीतरी सकाळी मिळून झालंय. मधेच एखादं वाक्य वाकडं गेलं तर तू सरळ करून वाच. राग मात्र सरळ करायची गरज नाही, तो सरळच आहे.

आशालतानं विचारलं, "कुणाला लिहिताय एवढं?" मी म्हटलं, "जितूला." ती म्हणाली, "मग फोन करा की." फोनवर मी अडखळलो की माझं वाक्य तू पूर्ण करतोस, आणि दरवेळी चुकीचं करतोस. मी "मला राग..." एवढं म्हणेपर्यंत तू "हो रे, येतो राग, होतं असं" म्हणून मोकळा होतोस. म्हणून कागद घेतला.

अपघाताचं आधी संपवून टाकू. आठ वर्षांपूर्वी निर्मळच्या जत्रेतून आपण नंदाखालला परत येत होतो, गाडी तू चालवत होतास आणि बिनदिव्याचा ट्रॅक्टर अंगावर आला. हे मला आठवत नाही, मला सांगितलेलं आहे. तुझं कोपर खरचटलं आणि माझं डोकं फुटलं. तुझ्या जागी मी चालवत असतो तरी तो ट्रॅक्टर आलाच असता. त्याबद्दल मी तुला कधी दोष दिला नाही आणि आजही देत नाही. हा राग त्याचा नाही. माझ्या प्रत्येक रागाचं मूळ तू त्या ट्रॅक्टरपाशी नेऊन ठेवतोस, मान खाली घालतोस आणि सुटतोस. आज ती वाट बंद.

अपघातानंतर काय झालं ते तू पाहिलंस, पण बाहेरून पाहिलंस. टाके निघाले, केस वाढले, मी चालायला लागलो आणि येणारे-जाणारे म्हणाले, "चला, बरा झाला." मी गिरगावातल्या छापखान्यात मुद्रितशोधक होतो, दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात माझी पंधरा वर्षं गेली होती. पुन्हा कामावर गेलो तेव्हा ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत ओळीची सुरुवात विसरत होतो. मालकांनी चार महिने सांभाळून घेतलं, मग हात जोडले. घरी गॅस चालू राहायचा आणि मला वास येत नव्हता, अजूनही येत नाही. मामाच्या तेराव्याला मला हसू फुटलं आणि थांबेचना. भाजीवाल्यानं कोथिंबिरीची जुडी लहान दिली म्हणून मी त्याची टोपली उलटी केली. आशालता सगळ्यांच्या पाया पडत फिरायची. लोक तिला सांगायचे, "नशीब चांगलं तुमचं, माणूस वाचला." ती मान हलवायची. एकदा पाहुणे गेल्यावर ती कपबश्या उचलता उचलता म्हणाली, "वाचला तो कोण, तेवढं सांगा कुणीतरी." मी शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत होतो. मला सगळं कळत होतं, जितू. कळत नव्हतं असा एकही दिवस मला आठवत नाही.

(इथे कालचं थांबलं. आज पुढे.)

तुझं चांगलंही लिहितो, नाहीतर पत्र खोटं होईल. माणिकपूरला रिक्षा स्टँडच्या मागची ती शाळेची जुनी खोली तू मिळवलीस. दुकान नोकरावर टाकून हॉस्पिटलांत फिरलास आणि माझ्यासारखे आणखी लोक शोधलेस. रेजिनाबाई आल्या, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या, आपल्या मुलाला, ॲन्सेल्मला, हाताला धरून. वायरिंग करताना तो विरारला परातीवरून... परात नव्हे, परांचीवरून पडला होता. चांगला तिशीचा उमदा गडी, पण चालताना झोकांड्या जायच्या आणि बोलणं असं जड की पहिल्यांदा ऐकणारा नाकाला रुमालच लावेल. नायगावकडच्या मिठागरातला काशीराम आला, त्याच्या डोक्यावर भिंत कोसळली होती. तो स्वतःच्या बायकोला, कमळीला, ओळखायचा नाही. आणि संपदाला तू बोलावलंस. पुनर्वसनाचं शिकलेली मुलगी, उपचार म्हणजे गोळ्या आणि मालिश एवढंच नसतं हे तिनंच आम्हाला दाखवलं.

त्या खोलीत दर शनिवारी काय व्हायचं हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो म्हणेल, यात काय मोठं? आम्ही चहा करायचो. कोणत्या पायरीनंतर कोणती पायरी, हे भिंतीवर चित्रं लावून. बाजारात जाऊन दोन वस्तू घेऊन यायचो. रस्ता ओलांडायचो. दमलो की दमलोय असं तोंडानं सांगायला शिकायचो, चिडून नव्हे. पलीकडच्या कोपऱ्यात घरची माणसं बसायची. आशालता तिथे रेजिनाबाईंशी बोलताना हसली तेव्हा तो आवाज मी ओळखलाच नाही, वळून पाहिलं कोण हसतंय म्हणून. एकदा काशीरामनं कमळीला नावानं हाक मारली. ती माझ्याकडे पळत आली, "भाऊ, आज त्यानं माजं नाव घेतलान! कोन बोलला तो सुदरत नाय?" तू तेव्हा दारात पापडीहून आणलेली भजी घेऊन उभा होतास. तुझ्याही डोळ्यांत पाणी होतं. ॲन्सेल्मशी कॅरम खेळताना तू मुद्दाम हरायचास आणि तो तुला रडीचा डाव खेळतो म्हणून झापायचा. तो जितू माझा मित्र होता.

संपदानं मला एक गोष्ट तिथेच शिकवली. मी एकदा खुर्ची लाथाडली होती. ती म्हणाली, "काका, राग येणं आणि रागाचा तोल जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तोल आपण सांभाळायला शिकू. पण राग खरा आहे की नाही, हे तुम्हीच ठरवायचं." तेव्हापासून मी प्रत्येक राग तपासून बघतो. आधी पानं तपासायचो तसा. काही राग चुकीचे निघतात, मी ते खोडतो. हा तपासून झालाय. हा बरोबर आहे.

मग तुझी संस्था झाली. पुनर्वेल प्रतिष्ठान. या नावाचा अर्थ काय, असं मी विचारलं होतं. तू म्हणालास, "चांगलं वाटतं ना कानाला?" मग कार्यकारिणी आली, माहितीपत्रक आलं, पाहुणे आले. पाहुणे आले की आम्हाला रांगेत बसवायचे. माझ्या हातात केळी देऊन फोटो काढायचे. केळी, जितू, केळीच्या बागांत वाढलेल्या नंदाखालच्या माणसाला! मी तेही हसण्यावारी नेलं. मग स्टेशनबाहेर तो फलक लागला. माझा फोटो, मान खाली, आणि शेजारी, 'यांना तुमच्या मदतीची गरज आहे'. मला कुणी विचारलंही नव्हतं. मी मान खाली घातली होती कारण मी बुटाची नाडी बांधत होतो. माझी मुलगी उन्नती कॉलेजहून रिक्षानं येत होती. तिनं फलक पाहिला आणि सोबतच्या मुलींनी पाहू नये म्हणून स्टँड यायच्या आधीच उतरली, त्यांनाही खाली उतरवून दुसऱ्या रस्त्यानं चालत नेलं. घरी येऊन ती हे मला नाही, आईला म्हणाली. मी तुझ्याकडे आलो. तू म्हणालास, "अरे, यातूनच लोकांना कळतं. तुझ्यामुळे किती लोकांचं भलं होतंय बघ." मी बघितलं. शनिवारची खोली तीच होती, पंखा बंद पडलेला होता आणि संपदाचे महिन्याला फक्त दोन शनिवार उरले होते.

या जूनमध्ये खोलीच बंद झाली. तिथे संगणकाचे वर्ग सुरू करायचे ठरले आणि आम्हाला 'नवीन वास्तू होईपर्यंत' थांबायला सांगितलं. मी तुझ्या बैठकीत उभा राहिलो. किती वेळ लागला मला ते बोलायला, आठवतं? शनिवार बंद करू नका, एवढंच. तू सगळ्यांसमोर समजावलंस, "प्रल्हाद, देणगीदारांना निकाल हवा असतो. मोतीबिंदूच्या शिबिरात एका दिवसात माणसं बघायला लागतात. तुमच्यातला पूर्ण बरा झालेला माणूस मी कुठून आणून दाखवू?" कुणीतरी खाकरलं आणि पुढचा विषय निघाला. आम्ही बरे होणार नाही हे आम्हाला माहीत आहे. आम्ही बरे व्हायला तिथे जात नव्हतो. आहोत तसे जगायला जात होतो.

आता कार्डांचं. ते लिहायला दोन सकाळी मी टाळाटाळ केली.

कल्पना रेजिनाबाईंची. ॲन्सेल्मला बसमधून दारुड्या म्हणून दोनदा उतरवलं होतं. प्रत्येकाच्या गळ्यात किंवा खिशात एक कार्ड असावं असं त्यांनी सुचवलं. मजकूर मी लिहिला. किती वेळा लिहिला आणि खोडला! भांबावलेल्या, चिडलेल्या माणसाला उभ्या उभ्या वाचता आला पाहिजे, एवढा लहान हवा होता. शेवटी असा झाला: 'मी दारू प्यायलेलो नाही. माझ्या मेंदूला इजा झाली आहे. मला बोलायला वेळ लागतो. कृपया खालच्या नंबरावर फोन करा.' अपघातानंतर मी केलेलं हे पहिलं काम. माझं काम, जितू. मला नोकरी लागल्यासारखं वाटलं होतं. तू माझी पाठ थोपटलीस आणि छापायला दिलंस. जुलैत कार्डं छापून आली, प्रत्येकाचं नाव, फोटो आणि निळ्या फितीसकट. मी आणायला गेलो तर तू म्हणालास, "अशी कशी वाटायची? वर्धापनदिनाला प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते देऊ. पेपरात येईल." पाहुण्यांना ऑगस्ट जमला नाही. मग निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि कार्यक्रम आणखी पुढे गेला. खोकं नालासोपाऱ्यात, तुळिंजच्या नव्या कार्यालयात, काचेच्या कपाटात.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी ॲन्सेल्म आपला आपण निघाला. नंदाखालहून माणिकपूरची बस पकडायला त्याला दोन वर्षं लागली होती शिकायला. एकट्यानं येऊ लागला तेव्हा रेजिनाबाईंनी सगळ्यांना केक वाटला होता. खोली बंद आहे हे त्याला सांगितलं होतं, पण शनिवार उजाडला की त्याचे पाय निघायचे, त्या दिवशी रेजिनाबाई वाडीत होत्या. तो खोलीशी आला. कुलूप. संगणकवाल्यांच्या वॉचमननं सांगितलं, "संस्था आता तुळिंजला गेली." हा नालासोपाऱ्यापर्यंत कसा पोहोचला ते आम्हाला अजून कळलेलं नाही. तुळिंजच्या भर बाजारात तो पत्ता विचारत फिरला. लोकांनी हटकलं, हाकललं. तो शेवटी एका इमारतीत शिरला आणि दिसेल ती बेल वाजवत सुटला. एका दारात एकटी बाई होती, ती ओरडली. खालून माणसं धावली. आधी दारुड्या म्हणाले, मग चोर म्हणाले. तो "शनिवार, शनिवार" म्हणत होता. त्यांनी त्याला जिन्यावरून खाली ओढला आणि मारला. तुझं कार्यालय तिथून तिसऱ्या इमारतीत आहे. त्याचं कार्ड तिथे कपाटात होतं.

जबडा जुळला, कानाचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. हॉस्पिटलात तू फळांची टोपली घेऊन आलास आणि कार्यकर्त्याला निषेधाचं पत्रक काढायला सांगत होतास. 'संस्थेच्या लाभार्थीवर हल्ला'. रेजिनाबाई बाकावर माळ हातात घेऊन बसल्या होत्या, त्यांच्याकडे बघायचा तुला धीर नव्हता. मी तुझ्यासमोर आलो. मी ओरडलो नाही. मी एकेक शब्द जोडून विचारलं, "जितू, कार्ड कुठे होतं?" तू माझ्याकडे पाहिलंस, मग माझ्या खांद्यावरून मागे, आणि म्हणालास, "वहिनी, त्याची संध्याकाळची गोळी झाली का?"

आशालता रेजिनाबाईंच्या शेजारी बाकावर जाऊन बसली. तिनं पहिल्यांदाच तुला उत्तर दिलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं नसेल. त्या क्षणी मला समजलं की तुझ्याकडे माझ्यासाठी सगळं आहे: खोली, डॉक्टर, फलक, केळी. फक्त माझा प्रश्न ऐकायला माणूस नाही. बाकी कुणाला राग आला तर लोक विचारतात, काय झालं? मला राग आला की विचारतात, गोळी झाली का? माझ्या मेंदूचा एक भाग गेला, कबूल. पण बरोबर-चूक कळायचा भाग गेलेला नाही, आणि तो गेला असं धरून चालणं तुला सोयीचं आहे.

आता हे पत्र कशासाठी, ते. गेल्या पंधरवड्यात तुझ्या कार्यालयातलं काचेचं कपाट फुटलं. तुझ्या कारकुनानं तुला सांगितलं, "प्रल्हादकाकांचं डोकं फिरलं." तू लगेच आशालताला फोन केलास, "वहिनी, काळजी करू नका, तक्रार वगैरे काही करणार नाही. तो काय करतो ते त्याला समजत नाही, बिचाऱ्याला." जितू, मला समजत होतं. मी, कमळी आणि काशीराम भर दुपारी तिथे गेलो. मी कारकुनाकडे खोकं मागितलं. तो म्हणाला, पाहुण्यांच्या हस्ते द्यायचंय, किल्ली साहेबांकडे आहे. मी त्याला ॲन्सेल्मचं सगळं सांगितलं, सावकाश, शेवटपर्यंत. तो पुन्हा तेच म्हणाला. मी तुला फोन लावायला सांगितला, तू बैठकीत होतास. तेव्हा मी काशीरामला बाजूला उभं केलं, कमळीच्या पायांत चपला आहेत ना ते पाहिलं, टेबलावरचं तुझ्या संस्थेला मिळालेलं स्मृतिचिन्ह उचललं आणि काच फोडली. खोकं घेतलं, काचा झाडून एका कोपऱ्यात केल्या आणि निघालो. त्याच संध्याकाळी आम्ही कार्डं घरोघर दिली. ॲन्सेल्मनं त्याचं गळ्यात घातलं, दारापर्यंत आला आणि परत आत गेला. तो आता घराबाहेर पडत नाही. तेव्हा मला माफ करायचा तुला अधिकार नाही, आणि आजारी माणसाची चूक म्हणून पोटात घालायचा तर त्याहून नाही. पोलिसांत तक्रार कर, मी स्वतः येऊन सांगेन की हे मी केलं, ठरवून केलं, आणि का केलं. नाहीतर माझ्या दारात ये. वहिनीला काही विचारू नकोस. थेट माझ्याकडे बघ आणि विचार, माझं कपाट फोडायची तुझी हिंमत कशी झाली. आठ वर्षांत तू माझ्याशी एकदाही भांडला नाहीस. शाळेत असताना बावखलाच्या तळ्याकाठी चिखलात लोळून भांडलो होतो आपण, एका पतंगासाठी. ये, जितू, आणि भांड माझ्याशी. माझाही आवाज चढेल. चढू दे.

तुझाच, आणि तुझ्यावर पूर्ण शुद्धीत चिडलेला,
प्रल्हाद